शाळा हलली, चर्च पाडलं, जुनी इमारत मात्र उभीच : न्यू ऑर्लिन्सच्या होली क्रॉसचं प्रकरण

आमच्या वसईकडच्या एका गावातली जुनी शाळा काही वर्षांपूर्वी पाडली. कौलारू, लांब व्हरांडा, घंटा म्हणजे रेल्वेच्या रुळाचा तुकडा, आणि तो वाजवायचा मान ज्याला मिळेल तो दिवसभर कॉलर ताठ करून फिरायचा. पाडकामाचा व्हिडिओ आमच्या बॅचच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर आला आणि कॅनडापासून दुबईपर्यंतचे सगळे रडायला लागले, मीसुद्धा. आईला फोन दाखवला तर ती म्हणाली, "तुझी पोरं कुठं जातात रे शाळेत? या शाळेत का?" मी गप्प. माझी पोरं ठाण्याला सीबीएसईत.

तेव्हापासून कॅथलिक शाळांच्या जुन्या इमारती पाडल्या की लोक नक्की कशासाठी भांडतात हे बघायचा मला नादच लागला. अमेरिकेत तर हे सतत चालू असतं, मुलं कमी, सिस्टर-ब्रदर कमी, पैसे कमी, मग शाळा बंद, मग इमारत रिकामी, मग बुलडोझर. पण बहुतेक ठिकाणी गोष्ट एकसुरी असते. न्यू ऑर्लिन्सची नाही. तिथे एका शाळेच्या हलण्यात दोन वस्त्या, एक बंद पडलेली हायस्कूल, एक जगावेगळं चर्च आणि सरकारी पैशाचे नियम असे गुंतलेत की कोण चूक कोण बरोबर ते मला आजही छातीठोक सांगता येत नाही. म्हणून सगळं नीट मांडतोय, लांब झालं तर सांभाळून घ्या.

आधी शाळा कुठली ते.

होली क्रॉस या कॅथलिक संघाचे ब्रदर्स न्यू ऑर्लिन्सला आले १८४९ मध्ये, अनाथ मुलग्यांच्या आश्रमाचं काम बघायला. नंतर शहराच्या खालच्या अंगाला, मिसिसिपीच्या काठाला एका जुन्या मळ्याची जमीन घेतली आणि १८७९ मध्ये तिथं मुलग्यांची शाळा सुरू केली, नाव सेंट इसिडोर. १८९५ मध्ये विटांची मोठी मुख्य इमारत बांधली आणि नाव बदलून होली क्रॉस झालं. नदीच्या बांधाला लागूनच ही इमारत, आणि तिचा दबदबा एवढा की आजूबाजूच्या वस्तीलाच लोक होली क्रॉस म्हणायला लागले. म्हणजे आपल्याकडे स्टेशनवरून वस्तीला नाव पडतं तसं तिकडे शाळेवरून पडलं. १९२३ मध्ये इंडस्ट्रियल कॅनॉल सुरू झाला आणि हा सगळा भाग, लोअर नाइन्थ वॉर्ड, मुख्य शहरापासून तुटला, मध्ये पूल आले. पुढे १९८६ मध्ये होली क्रॉस हा भाग ऐतिहासिक वस्ती म्हणून राष्ट्रीय यादीत गेला.

मग २००५. आपल्याकडे २६ जुलैला सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पडला आणि मुंबई बुडाली, त्याला महिना होतोय न होतोय तोच २९ ऑगस्टला तिकडे कॅटरिना चक्रीवादळ. फरक एवढाच की मुंबईचं पाणी एक-दोन दिवसांत उतरलं, न्यू ऑर्लिन्सचं ८० टक्के शहर पाण्याखाली गेलं आणि बऱ्याच भागात कित्येक आठवडे तसंच राहिलं, कारण शहर बशीसारखं, आणि कालव्यांच्या भिंती फुटलेल्या. इंडस्ट्रियल कॅनॉलची भिंत फुटली ती लोअर नाइन्थच्या बाजूला. घरं पायापासून उचलून दुसऱ्या गल्लीत जाऊन पडली. नदीकाठ जरा उंच असल्यामुळे होली क्रॉसच्या भागाला तुलनेनं कमी बसला, पण शाळेत पाणी शिरलंच.

इथून पुढे दुसरी वस्ती येते, जेंटिली. लोअर नाइन्थपासून सरळ रेषेत सात-आठ किलोमीटर, तलावाच्या बाजूला. दुसऱ्या महायुद्धानंतर वाढलेली, मध्यमवर्गीय, आपण म्हणू की बऱ्यापैकी सुखवस्तू लोकांची, बंगलीपुढे हिरवळ वगैरे. जवळच्या लंडन अव्हेन्यू कालव्याची भिंत दोन ठिकाणी फुटली आणि जेंटिली बुडाली. तिथं पॅरिस अव्हेन्यूवर एकाच मोठ्या आवारात रिडीमर-सेटन नावाची कॅथलिक हायस्कूल होती आणि सेंट फ्रान्सिस झेवियर कॅब्रिनीचं चर्च होतं. शाळा परत उघडलीच नाही. चर्चही बंद.

आता या चर्चबद्दल थोडं सांगायलाच हवं, कारण सगळं भांडण तिथंच पेटलं. कॅब्रिनी म्हणजे इटलीहून आलेल्या सिस्टर, १८९२ मध्ये न्यू ऑर्लिन्सला येऊन गरीब इटालियन स्थलांतरितांच्या पोरांसाठी अनाथाश्रम काढला, १९४६ मध्ये संतपद मिळालं, अमेरिकन नागरिक असलेल्या पहिल्या संत. त्यांच्या नावाचं हे चर्च १९६३ मध्ये बांधून झालं आणि आर्किटेक्ट होते कर्टिस अँड डेव्हिस, म्हणजे ज्यांनी पुढे त्याच शहराचं सुपरडोम स्टेडियम बांधलं ते. छत म्हणजे पातळ काँक्रीटच्या कमानी, मधोमध वेदी, वर आभाळात सुई खुपसल्यासारखा मनोरा, आणि लोक बसणार वेदीच्या तीन बाजूंनी. आज हे वाचून काही वाटणार नाही, पण तेव्हा कॅथलिक चर्चच्या रीती बदलणारी दुसरी व्हॅटिकन परिषद चालू होती, फादर अजून लोकांकडे पाठ करून लॅटिनमध्ये मिस्सा म्हणत होते, आणि इथं एका धर्मग्रामानं (म्हणजे एका चर्चला जोडलेल्या भाविकांच्या वस्तीनं) लोकांना वेदीच्या भोवती बसवणारं देऊळ बांधून ठेवलं होतं. (आमच्याकडे चर्चला देऊळच म्हणतात, त्यामुळे तोच शब्द आला.) मला स्वतःला साठच्या दशकातलं काँक्रीट फारसं आवडत नाही, खरं सांगतो, पण फोटो बघून एवढं कळतं की ही कुणीतरी जीव लावून केलेली गोष्ट होती.

तर होली क्रॉस शाळेनं ठरवलं की लोअर नाइन्थमध्ये परत पूर्ण ताकदीनं उभं राहणं शक्य नाही. कारणं समजण्यासारखी. आसपासची कुटुंबं ह्यूस्टनला, बॅटन रूजला, कुठं कुठं पांगलेली, फी भरणारे पालक शहराच्या दुसऱ्या टोकाला, आणि कॅनॉलवरचे पूल ओलांडून मुलगा रोज तिकडे पाठवायची हिंमत कोण करणार. शहर सोडून शेजारच्या केनरला जायचाही विचार चालू होता. तेव्हा जेंटिलीचे लोक पुढे आले. त्यांनी म्हटलं आमच्याकडे या.

त्या वेळी जेंटिली कशी होती ते डोळ्यासमोर आणा. दर घराच्या दर्शनी भिंतीवर स्प्रेनं मारलेली फुली, चार खणांत तारीख, कुठल्या पथकानं तपासलं, किती सापडले. गल्लीत दहा घरं, त्यातलं एक-दोनात उजेड. परत यायचं की घर विकून टाकायचं हे प्रत्येकजण शेजारी काय करतोय ते बघून ठरवत होता, आणि शेजारीही तेच करत होता. अशा वेळी शंभर वर्षांहून जुनी, नावाजलेली शाळा तुमच्या वस्तीत यायला तयार होते, म्हणजे शेकडो पोरं, रोजच्या गाड्या, रस्त्यावर दिवे, आजूबाजूला दुकानं. वस्तीच्या नव्या नागरिक संघटनेला हे म्हणजे बुडत्याला काडी नव्हे, अख्खी होडी वाटली. त्यात चूक काय?

फक्त होडीसाठी जागा हवी होती, आणि जागेवर चर्च होतं.

विरोधात कोण होते, तर चर्चचे काही जुने लोक आणि शहरातले आर्किटेक्ट, वारसाप्रेमी मंडळी. त्यांचं म्हणणं, हवी तर शाळा आणा, रिडीमर-सेटनच्या जागेवर बांधा, चर्च ठेवा, आवार मोठं आहे, जरा डोकं लावून आराखडा करा. आर्चडायोसिसचं, म्हणजे आर्चबिशपच्या हाताखालच्या कॅथलिक कारभाराचं म्हणणं, धर्मग्राम आता शेजारच्या धर्मग्रामात मिसळलंय, चर्चची गरज नाही, दुरुस्तीला पैसे नाहीत. शाळेचं म्हणणं, आम्हाला मोकळं आवार लागेल.

आणि मला सगळ्यात जास्त विचार करायला लावते ती गोष्ट म्हणजे या सगळ्या गदारोळात रिडीमर-सेटनचं नाव कुणाच्या तोंडी फारसं नाही. शाळेची इमारत पाडली जाणार होती, खरीखुरी शाळा, तिथं शिकलेली माणसं असतील, तिच्या जिममध्ये घाम गाळलेला असेल, पण भांडण सगळं चर्चच्या कमानींचं. कारण साधं, शाळेची इमारत साधी होती. आर्किटेक्टचं नाव मोठं असलं की वारसा, नसलं की नुसत्या भिंती. आमच्या गावची रुळाची घंटा कुठल्या यादीत बसणार?

पैशाचं गणित

हा भाग कंटाळवाणा वाटेल पण खरी चावी इथंच आहे, म्हणून वाचा.

आपत्तीनंतर अमेरिकेत पैसे देते फेमा, म्हणजे केंद्राची आपत्ती यंत्रणा. विना-नफा संस्थेची शाळा असेल तर तिला पैसे मिळतात. नियम असा की दुरुस्तीचा खर्च नवीन बांधायच्या खर्चाच्या निम्म्याहून जास्त निघाला तर फेमा दुरुस्तीऐवजी नवीन बांधायचे पैसे देऊ शकते. समजा इमारत नव्यानं बांधायला शंभर रुपये लागतात आणि दुरुस्तीला पंचेचाळीस, तर तुम्हाला पंचेचाळीसचाच हिशोब. दुरुस्ती बावन्नवर गेली की एकदम शंभरचं दार उघडतं. म्हणजे सर्व्हे करणाऱ्याची पेन्सिल कुठं थांबते यावर जुनी भिंत राहणार की जाणार हे ठरतं. कुणी लबाडी केली असं मी म्हणत नाहीये, पण नियमच असा आहे की तो जुन्या इमारतीच्या बाजूनं झुकत नाही.

आणि दुसरा नियम त्याहून मजेशीर. प्रार्थनास्थळाला फेमाचे पैसे तेव्हा मिळतच नव्हते. शाळा हो, दवाखाना हो, चर्च नाही. हा नियम बदलला २०१८ मध्ये, कॅब्रिनी पाडून अकरा वर्षं झाल्यावर. म्हणजे २००६ मध्ये आर्चडायोसिसच्या टेबलावर चित्र काय होतं बघा. चर्च दुरुस्त करायचं तर खिशातून, लोक पांगलेले, दानपेटी रिकामी, आणि तेवढ्याच जागेवर शाळा येणार असेल तर केंद्राचा पैसा येतो. मग बिशपच काय, आपल्या सोसायटीचा खजिनदारही काय निर्णय घेईल ते सांगायला नको.

पण केंद्राचा पैसा आला की त्याच्यामागून एक कायदाही येतो. १९६६ च्या राष्ट्रीय वारसा जतन कायद्यातलं १०६ वं कलम. ते सांगतं की केंद्राच्या पैशानं होणाऱ्या कामामुळे ऐतिहासिक वास्तूला धक्का लागणार असेल तर आधी त्याचा विचार करा, संबंधितांना बोलवा, ऐका, पर्याय बघा. आपल्याकडे मुंबईत १९९५ पासून हेरिटेजचे नियम आहेत, ग्रेड एकची इमारत असेल तर तुम्ही तिला सहजासहजी हात लावू शकत नाही. १०६ मध्ये तसं नाही. ते फक्त म्हणतं विचार करा. विचार करून पाडायचं ठरवलं तर पाडा. खूप लोकांना हे माहीत नसतं, त्यांना वाटतं एकदा का वारसा म्हणून शिक्का बसला की वाचलं.

कॅब्रिनीवर शिक्का बसेल का हाही वाद होता, कारण यादीत यायला साधारणपणे इमारत ५० वर्षांची लागते आणि हे चर्च होतं ४४ वर्षांचं. अपवाद असतो, फारच महत्त्वाची वास्तू असेल तर. फेमानं शेवटी मान्य केलं की हो, हे अपवादात बसतं. वारसाप्रेमींनी इथं सुटकेचा श्वास टाकला असेल, पण या मान्यतेनं मिळालं काय तर बैठका. बैठकांना लोक आले, तावातावानं बोलले, दोन्हीकडचे बोलले. फक्त शाळेनं जागा आधीच निवडलेली, वस्तीनं शाळा आधीच मनात आणून बसवलेली, आर्चडायोसिसनं चर्च आधीच सोडलेलं. अशा वेळी तुम्ही पर्याय घेऊन गेलात की तुम्ही शाळेचे शत्रू. एखाद्या लग्नाचा मांडव घातल्यावर मुलीला विचारायचं तुला पसंत आहे ना, त्यातला प्रकार.

शेवटी करार झाला आणि जून २००७ मध्ये चर्च पाडायला सुरुवात झाली. शाळा त्याच वर्षी तात्पुरत्या वर्गखोल्या टाकून पॅरिस अव्हेन्यूवर आली, पक्क्या इमारती मागाहून आल्या.

चर्चवाल्यांनी कोर्टात जाऊन भांडण चालू ठेवलं. फेमानं प्रक्रिया नीट पाळली नाही असा दावा. खालचं कोर्ट फेमाच्या बाजूनं, आणि २०११ मध्ये पाचव्या सर्किटच्या, म्हणजे त्या भागाच्या केंद्रीय अपील कोर्टानंही तेच कायम केलं. निकाल लागला तेव्हा त्या जागेवर पोरं गणिताचे तास करत होती, त्यामुळे जिंकले असते तरी काय मिळालं असतं कुणास ठाऊक. त्याच वर्षी कर्टिस अँड डेव्हिसनी १९५४ मध्ये बांधलेली थॉमी लाफॉन नावाची सरकारी प्राथमिक शाळाही पाडली गेली. त्याआधी १९९५ मध्ये त्यांचं रिव्हरगेट कन्व्हेन्शन सेंटर कसिनोसाठी पाडलेलं. भागीदारांपैकी कर्टिस १९९७ मध्ये वारले होते, आर्थर डेव्हिस २०११ च्या शेवटी गेले, म्हणजे त्या माणसानं आपल्या हयातीत आपलं शहर एकेक करून पुसलं जाताना पाहिलं.

कोण हजर होतं, कोण नव्हतं

लोकांच्या प्रतिक्रिया म्हणताना आपण एक गोष्ट विसरतो, प्रतिक्रिया द्यायला माणूस तिथं असावा लागतो. याच शहरातलं ट्रीमे भागातलं सेंट ऑगस्टिन चर्च घ्या, १८४० च्या दशकातलं, स्वतंत्र काळ्या कुटुंबांनी आणि गुलामांनी मिळून भरवलेलं. कॅटरिनानंतर आर्चबिशप अल्फ्रेड ह्यूजेस यांनी ते धर्मग्राम बंद करायचं ठरवलं तर मार्च २००६ मध्ये लोक फादरच्या घरात घुसून कडी लावून बसले. बाहेर निदर्शनं, टीव्हीवाले, आणि थोड्याच आठवड्यांत निर्णय मागे. तिथं जमलं कारण ट्रीमे तुलनेनं कमी बुडालेलं, माणसं घरी परतलेली, शिवाय देशभरात नाव असलेलं चर्च.

कॅब्रिनीला कडी लावून बसायला कोण येणार होतं? ज्या आजीनं चाळीस वर्षं रविवारी त्याच बाकावर बसून मिस्सा ऐकली ती ह्यूस्टनला मुलाच्या फ्लॅटमध्ये, तिच्या घराला गळ्याइतका चिखल, तिला विम्याच्या माणसाशी भांडायचं की देवळासाठी? त्यामुळे बैठकीत आर्किटेक्ट जास्त दिसले आणि मग लगेच आरोप तयार, की बघा, हे बाहेरचे लोक, यांना काँक्रीटचं प्रेम, आमच्या पोरांचं काही नाही. हा आरोप अर्धा खरा होता आणि म्हणूनच फार लागला. पण उरलेला अर्धा असा की आतले लोक मुळात बाहेर फेकले गेले होते.

मला या बाबतीत जेंटिलीकरांचा राग येत नाही. राग येतो तो क्रमाचा. जागा निवडायच्या आधी, करार करायच्या आधी एक आठवडा जरी चर्च, शाळा आणि वस्ती एका टेबलाभोवती बसली असती आणि नकाशावर चर्च ठेवून शाळा बसते का हे प्रामाणिकपणे पाहिलं असतं, तर कदाचित बसली नसतीही, पण मग पाडताना कुणाला फसवल्यासारखं वाटलं नसतं. आमच्या गावातही हेच झालं. नोटीस आली तेव्हा टेंडर निघालेलं होतं.

आता उरली ती पहिली इमारत. लोअर नाइन्थमधली, १८९५ ची.

तिला कुणी पाडलं नाही. यादीतली वस्ती, नदीकाठची देखणी इमारत, तिच्यावर सगळ्यांचं प्रेम. आणि ती रिकामी पडली. खिडक्या फुटल्या, आत घुसून लोकांनी जे नेता येईल ते नेलं, भिंतींवर रंगरंगोटी. सहा-सात वर्षं असं गेल्यावर एका आर्किटेक्चर फर्मनं जमिनीचा ताबा घ्यायची योजना आणली, जुनी इमारत दुरुस्त करू, पण परवडायला हवं म्हणून शेजारी १३ मजली टॉवर उभे करू. बैठ्या घरांच्या वस्तीत १३ मजले! शेजाऱ्यांची संघटना पेटून उठली, बांधावरून नदी दिसते तेवढंच आमच्याकडे उरलंय आणि त्याच्यासमोर तुम्ही भिंत घालणार. पण त्याच वस्तीत दुसरे लोकही होते जे म्हणत होते की बाबांनो, दहा वर्षं होत आली, इथं नीट किराणा दुकान नाही, माणसं येतील, दुकानं येतील, येऊ द्या की टॉवर. विरोधामुळे उंची कमी होत होत गेली आणि २०१४ मध्ये सिटी काउन्सिलनं खाली आणलेल्या उंचीला मंजुरी दिली, तरीही मामला कोर्टात गेला, काम रेंगाळलं.

म्हणजे जिथं पाडलं तिथं शाळा भरते, आणि जिथं जपलं तिथं वर्षानुवर्षं कबुतरं होती. हे वाचून लगेच कुणीतरी म्हणेल की मग पाडलेलंच बरं. मला तसं म्हणायचं नाहीये. लोअर नाइन्थवाल्यांचं दुःख इमारतीचं नव्हतंच, ते शाळा गेल्याचं होतं, आणि त्या दुःखावर कुठल्याही कलमाखाली बैठक होत नाही. शाळेनं हलायचं ठरवलं ती तिची खाजगी बाब, भिंतीला धक्का नाही म्हणजे १०६ मध्ये बघण्यासारखं काही नाही. कायदा विटा मोजतो. सकाळी साडेसातला युनिफॉर्ममधली पोरं बांधावरून जाताना दिसायची ती दिसेनाशी झाली, हे कुठल्या रकान्यात भरणार?

हे सगळं लिहून झाल्यावर आईला थोडक्यात सांगितलं. चर्च पाडलं यावर ती हळहळली, पण लगेच विचारलं, त्या जुन्या शाळेच्या शेजारी जे परत आले त्यांच्या पोरांना आता कुठं जावं लागतं? मी म्हटलं, आई, होली क्रॉसलाच घालायचं असेल तर पूल ओलांडून शहराच्या दुसऱ्या बाजूला. वस्तीचं नाव मात्र अजून होली क्रॉसच आहे.